केसपेपरवर ‘स्थिर’, प्रश्नावलीत ४७

हार्ट फेल्युअरच्या एका रुग्णाच्या जगण्याचा दर्जा मोजताना: सोळा आठवड्यांचे प्रकरण

चौसष्ट वर्षांच्या बाई. जुन्या हार्ट अ‍ॅटॅकनंतर हृदयाची ताकद उतरलेली, इजेक्शन फ्रॅक्शन (दर ठोक्याला हृदयाच्या डाव्या कप्प्यातले किती रक्त बाहेर पडते ते प्रमाण) ३२ टक्के. हार्ट फेल्युअरचे निदान होऊन अकरा महिने झालेले. बीटा ब्लॉकर, साक्युबिट्रिल-वल्सार्टन, स्पायरोनोलॅक्टोन आणि डॅपाग्लिफ्लोझिन अशी चारही गटांतली औषधे सुरू, शिवाय रोज सकाळी आठला लघवी वाढवणारी फ्युरोसेमाइड ४० मिलिग्रॅम. छातीत दुखत नाही. उजव्या गुडघ्याची बरीच झीज झालेली. मागच्या तिन्ही तपासण्यांत डॉक्टरांनी लिहिलेली ओळ एकच: ‘एनवायएचए वर्ग २, स्थिर, औषधे तीच.’

(रुग्ण आणि तिची उत्तरे समजावण्यासाठी रचलेली आहेत. प्रश्नावलीचे नियम, गणित आणि उल्लेख केलेले संशोधन खरे आहे.)

‘वर्ग २’ म्हणजे नेहमीच्या कामाने थोडी धाप किंवा थकवा, बसल्या जागी त्रास नाही. न्यूयॉर्क हार्ट असोसिएशनची ही वर्गवारी सोपी आहे म्हणूनच इतकी टिकली. पण ती ठरवतो डॉक्टर, तीही बहुतेक वेळा ‘कसं वाटतंय?’ आणि ‘बरं आहे’ एवढ्या संवादावर. १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या एका तुलनेत एकाच रुग्णाला दोन परीक्षकांनी दिलेले वर्ग जेमतेम ५६ टक्के वेळा जुळले होते. शिवाय चारच पायऱ्या. दुसऱ्या पायरीवर बसलेला माणूस त्या पायरीच्या कोणत्या टोकाला आहे, हे त्यातून कळायला मार्ग नाही.

या बाह्यरुग्ण विभागाने तपासणीआधी प्रश्नावली भरून घ्यायला सुरुवात केली, त्या पहिल्या आठवड्यातला हा कागद.

प्रश्नावली कोणती, आणि हीच का

हृदयरोग्यांसाठी प्रश्नावल्या भरपूर आहेत. निवड चुकली तर पुढचे सगळे मोजमाप वाया जाते, म्हणून इथे थोडे थांबायला हवे.

त्रास मुख्यतः छातीत दुखण्याचा असेल, तर सिएटल अँजायना प्रश्नावली योग्य. मूळ आवृत्ती १९९५ची, १९ प्रश्नांची. सात प्रश्नांची छोटी आवृत्ती २०१४ची. ती मागच्या चार आठवड्यांबद्दल विचारते. या बाईंना अँजायना नाही. त्यांना ही प्रश्नावली दिली असती तर अँजायनाच्या वारंवारतेचे गुण १०० पैकी १०० आले असते आणि सगळे छान आहे असा समज झाला असता. हार्टक्यूओएल ही १४ प्रश्नांची प्रश्नावली अँजायना, हार्ट अ‍ॅटॅक आणि रक्तपुरवठा कमी पडून झालेले हार्ट फेल्युअर या तिन्हींना चालते. निरनिराळ्या हृदयरोग्यांची आपसात तुलना करायची असेल तेव्हा ती सोयीची, पण सूज आणि रात्रीची धाप तिच्यात बारकाईने येत नाही. मिनेसोटाची हार्ट फेल्युअर प्रश्नावली २१ प्रश्नांची आहे, गुण ० ते १०५, आणि तिथे जास्त गुण म्हणजे जास्त वाईट. दोन प्रश्नावल्या एकाच फाइलमध्ये ठेवणाऱ्यांचा गोंधळ या उलट्या दिशेने हमखास होतो.

निवडली ती कॅन्सस सिटी कार्डिओमायोपॅथी प्रश्नावलीची बारा प्रश्नांची आवृत्ती, म्हणजे केसीसीक्यू-१२. मूळ २३ प्रश्नांची प्रश्नावली २०००ची, छोटी २०१५ची. प्रश्न मागच्या दोन आठवड्यांबद्दल, गुण ० ते १००, जास्त म्हणजे चांगले. साधारण वाचन असे: २५च्या खाली फारच वाईट, २५ ते ४९ वाईट ते बरे, ५० ते ७४ बरे ते चांगले, ७५च्या पुढे चांगले ते उत्तम. ती वापरायला परवाना लागतो आणि भाषांतर अधिकृतच घ्यावे लागते. घरगुती भाषांतर करून गुण काढले तर ते जगातल्या कोणाच्याही गुणांशी ताडता येत नाहीत.

सोबतीला ईक्यू-५डी-५एल ही सर्वसाधारण प्रश्नावलीही दिली. केसीसीक्यू फक्त हार्ट फेल्युअरमुळे काय अडते एवढेच विचारते. गुडघा तिला दिसत नाही. माणूस मात्र हृदय आणि गुडघा वेगवेगळे जगत नाही.

पहिला कागद

प्रश्नावली डॉक्टरांना भेटण्याआधी, प्रतीक्षा कक्षात, बाईंनी एकट्याने भरली. हा क्रम महत्त्वाचा. तपासणीनंतर भरली तर ‘सगळं ठीक आहे’ हे डॉक्टरांचे वाक्य उत्तरांत उतरते. सिस्टरांना सूचना एवढीच होती की प्रश्न वाचता येत नसेल तर जसाच्या तसा वाचून दाखवायचा, समजावायचा नाही, पर्याय सुचवायचा नाही आणि कागद परत घेताना रिकामा चौकोन राहिला आहे का ते बघायचे.

शारीरिक मर्यादेचे तीन प्रश्न. आंघोळ: किंचित अडते, ४. सपाट रस्त्यावर थोडे अंतर चालणे: मध्यम अडते, ३. घाईने चालणे किंवा पळणे: ‘दुसऱ्या कारणाने अडते किंवा केलेच नाही’, ६.

लक्षणांचे चार. पायांवर सकाळची सूज: आठवड्यातून एकदापेक्षा कमी, ४. थकवा: रोज निदान एकदा, ३. धाप: आठवड्यातून एक-दोनदा, ५. धापेमुळे बसून किंवा तीन उशांवर झोपावे लागणे: कधीच नाही, ५.

जगण्याच्या समाधानाचे दोन. हार्ट फेल्युअरमुळे जगण्यातली मजा किती कमी झाली: बरीच, २. उरलेले आयुष्य असेच काढावे लागले तर कसे वाटेल: बहुतांशी असमाधानी, २.

सामाजिक मर्यादेचे तीन. छंद २, घरकाम ३, घराबाहेर जाऊन नातेवाइकांना आणि मैत्रिणींना भेटणे २.

आता गणित. पाच पर्यायांच्या प्रश्नात उत्तरातून १ वजा करून ४ने भागायचे, सात पर्यायांच्या प्रश्नात ६ने, आणि १००ने गुणायचे. थकवा आणि धाप हे दोनच प्रश्न सात पर्यायांचे आहेत. लक्षणे: सूज ७५, थकवा ३३.३, धाप ६६.७, झोप १००, सरासरी ६८.८. समाधान २५. सामाजिक ३३.३. शारीरिक मर्यादेत ६ हे उत्तर गुण नव्हे, ते रिकामे मानायचे. उरलेल्या दोनांची सरासरी ३.५, म्हणजे ६२.५. चार विभागांची सरासरी ४७.४.

तक्ता भरणाऱ्याने मात्र पहिल्यांदा ५२.६ लिहिले होते.

त्याने ६ हा आकडा तसाच सरासरीत घेतला. ४, ३ आणि ६ची सरासरी ४.३३, शारीरिक विभाग ८३.३, आणि एकूण ५२.६. फरक ५.२ गुणांचा. याच प्रश्नावलीत ५ गुणांचा बदल लहान पण अर्थपूर्ण, १०चा मध्यम आणि २०चा मोठा मानतात. म्हणजे बाईंनी काहीही न करता, केवळ तक्त्यातल्या सूत्रामुळे त्या अर्थपूर्ण सुधारल्या असत्या आणि ५०ची रेघ ओलांडून वरच्या गटात जाऊन बसल्या असत्या. ही चूक शोधायची सोपी खूण अशी: एखाद्या रुग्णाने तिन्ही ठिकाणी ६ लिहिले की विभागाचे गुण १२५ येतात. १००च्या वर गेलेला आकडा दिसला की काही जण तो १००वर छाटतात आणि पुढे जातात. छाटू नये, सूत्र दुरुस्त करावे. नियम असा की शारीरिक आणि सामाजिक विभागांत तीनपैकी निदान दोन, लक्षणांत चारपैकी निदान दोन आणि समाधानात दोनपैकी निदान एक उत्तर हवे. नसेल तर तो विभाग रिकामा ठेवायचा, शून्य टाकायचे नाही. सामाजिक विभागातही ‘लागू नाही’ हा सहावा पर्याय आहे आणि तिथेही हीच चूक होते.

४७चा अर्थ

एकूण गुण तसे फार काही सांगत नाहीत. चार विभाग शेजारी ठेवले की चित्र बदलते: शारीरिक ६२.५, लक्षणे ६८.८, समाधान २५, सामाजिक ३३.३. शरीर जितके अडवते आहे त्याच्या कितीतरी जास्त आयुष्य अडलेले आहे. ‘वर्ग २’ फक्त पहिल्या दोन आकड्यांकडे बघतो, म्हणून तो खोटा नाही, पण अर्धा आहे.

ही दरी दिसली की औषध वाढवण्याआधी विचारायचे. आणि विचारायचे ते नेमक्या उत्तरावर बोट ठेवून. ‘काही त्रास?’ हा प्रश्न निरुपयोगी; ‘घराबाहेर भेटायला जाणे बरेच अडते असे तुम्ही लिहिले आहे, ते कशामुळे?’ हा उपयोगी. बाईंचे उत्तर धापेचे नव्हते. सकाळी आठला गोळी, मग दुपारपर्यंत दर तासाला लघवी. “कोणाकडे जायचं तर आधी त्यांच्याकडे बाथरूम कुठे आहे ते आठवावं लागतं. मग मी जातच नाही.” फ्युरोसेमाइडचा असर पोटात गेल्यावर तासाभरात सुरू होतो आणि साधारण सहा तास चालतो. माणसे भेटायचे सगळे तास त्यात संपतात. दुसरी गोष्ट त्यांनी जरा थांबून सांगितली: बाहेर असताना काही झाले तर, ही भीती.

थकव्याच्या ३वर दुसरी चौकशी झाली. रोजच्या थकव्याची कारणे हृदयाबाहेरही असतात: रक्त कमी, लोह कमी, थायरॉइड, झोपेत श्वास अडकणे, नैराश्य, बीटा ब्लॉकरमुळे फार मंदावलेली नाडी. हिमोग्लोबिन १२.४, वरवर ठीक. पण लोहाची मापे कमी: फेरिटिन (लोहाचा साठा) ६२ आणि ट्रान्स्फेरिन सॅच्युरेशन (रक्तात वाहून नेले जाणारे लोह) १६ टक्के. हार्ट फेल्युअरमध्ये फेरिटिन १००च्या खाली असेल, किंवा १०० ते २९९च्या दरम्यान असून सॅच्युरेशन २० टक्क्यांहून कमी असेल, तर लोहाची कमतरता धरतात. हिमोग्लोबिन चांगले आहे म्हणून ही तपासणी टाळली जाते आणि कमतरता नजरेतून सुटते.

मनःस्थितीसाठी पीएचक्यू-९ ही नैराश्य तपासणारी नऊ प्रश्नांची प्रश्नावली दिली. गुण ११, म्हणजे मध्यम नैराश्याची पातळी. पण हा आकडाही फोडून बघावा लागतो. ११ पैकी झोप २, थकवा ३ आणि भूक १ असे सहा गुण हार्ट फेल्युअरमुळेही येऊ शकतात. उरलेले पाच: रस वाटत नाही २, उदास १, स्वतःबद्दल वाईट वाटणे १, लक्ष न लागणे १. पहिल्या दोन प्रश्नांची बेरीज ३, म्हणजे पुढे तपासायलाच हवे. नववा प्रश्न जिवाला इजा करण्याच्या विचारांचा. तिथे शून्य होते. तिथे शून्याखेरीज काहीही असेल तर तो कागद फाइलला लावून ठेवायचा नसतो. रुग्ण घरी जाण्याआधी कोणीतरी बोलायलाच हवे. प्रश्नावल्या गोळा करणाऱ्या विभागाने ही जबाबदारी कोणाची, हे पहिल्याच दिवशी नावानिशी ठरवलेले नसेल तर ती प्रश्नावली देऊच नये.

ईक्यू-५डीचे उत्तर ३२३४३: चालणे ३, स्वतःची कामे २, नेहमीचे व्यवहार ३, दुखणे ४, चिंता ३ (१ म्हणजे त्रास नाही, ५ म्हणजे सर्वांत जास्त). ० ते १००च्या पट्टीवर त्यांनी आजच्या तब्येतीला ५० दिले. ३२३४३ ही संख्या नाही, खुणांची ओळ आहे. तिची बेरीज किंवा सरासरी करायची नसते. एक आकडा हवा असेल तर त्या त्या देशाच्या लोकांनी ठरवलेला मूल्यसंच वापरावा लागतो. इथे तो लागला नाही. लागला तो चौथा अंक: गुडघ्याचे दुखणे.

काय बदलले

फ्युरोसेमाइडचा डोस तोच, वेळ मात्र लवचीक. बाहेर जायचे असेल त्या दिवशी सकाळऐवजी दुपारी दोनला. त्याहून उशिरा नको, नाहीतर रात्रीची झोप जाते आणि प्रश्नावलीत थकवा वाढून परत येतो. रोजचे वजन सुरू; दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढले तर फोन करायचा. शिरेतून लोह दिले. इजेक्शन फ्रॅक्शन कमी असलेल्या, लक्षणे असलेल्या आणि लोह कमी असलेल्या रुग्णांमध्ये लक्षणे व जगण्याचा दर्जा सुधारण्यासाठी त्याची शिफारस आहे. नैराश्यासाठी गोळी लगेच सुरू केली नाही. हार्ट फेल्युअरमधल्या नैराश्यात सर्ट्रालिन (सॅडहार्ट-सीएचएफ, २०१०) आणि एस्सिटॅलोप्रॅम (मूड-एचएफ, २०१६) प्लासिबोहून (औषध नसलेल्या दिखाऊ गोळीहून) सरस ठरल्या नाहीत. म्हणून समुपदेशन, आणि चार आठवड्यांनी पुन्हा बघणे. गुडघ्यासाठी फिजिओथेरपी. तिच्या जोडीने आठवड्यातून तीनदा देखरेखीखालचा व्यायाम.

व्यायामाबद्दल अपेक्षा मोजून ठेवायला हव्यात. एचएफ-अ‍ॅक्शन या २,३३१ रुग्णांच्या चाचणीत तीन महिन्यांनी व्यायाम गटाचे केसीसीक्यू सरासरी ५.२१ गुणांनी वाढले आणि नेहमीच्या उपचारांच्या गटाचे ३.२८ने. दोहोंतला फरक दोन गुणांहून कमी. सरासरी लहान दिसते, कारण तिच्यात वीस गुणांनी सुधारलेले आणि जागचे न हललेले असे दोघेही असतात. समोरचा रुग्ण त्यातला कोणता, हे सरासरी सांगत नाही. त्याचे स्वतःचे मोजमापच सांगते.

सहावा आठवडा: मुलाने भरलेला कागद

दुसऱ्या वेळी चष्मा घरी राहिला. सोबत आलेल्या मुलाने कागद घेतला आणि स्वतःच भराभर खुणा केल्या. गुण आले ६६.७. पहिल्यापेक्षा १९ गुणांनी जास्त, सहा आठवड्यांत. तक्त्यात भरण्याआधी सिस्टरांनी कागदावरचे अक्षर ओळखले, बाईंना बाजूला बसवून तेच प्रश्न वाचून दाखवले आणि त्यांची उत्तरे वेगळ्या कागदावर घेतली. गुण ५८.३.

दोन कागद शेजारी ठेवणे शिकवून जाते. सूज, धाप, झोप: तंतोतंत सारखी उत्तरे. ही दिसणारी लक्षणे. थकवा: मुलगा ५, आई ४. जगण्यातली मजा: मुलगा ३, आई २. छंद, घरकाम, आणि आंघोळ-चालण्यापैकी एक: तिन्हींत मुलगा एक पायरी वर. घाईने चालणे: मुलाने ‘मध्यम अडते’ म्हणून ३ लिहिले, आईने पुन्हा ६. बाई वर्षभरात घाईने चाललेल्याच नव्हत्या. मुलाने अंदाज बांधला होता. एकूण फरक ८.४ गुण.

घरच्यांची उत्तरे रुग्णापेक्षा सहसा वाईटाकडे झुकतात. इथे उलटे झाले. म्हणून ‘नातेवाइकाने भरले असेल तर इतके गुण वजा करा’ असे कोणतेही सूत्र वापरता येत नाही. रुग्णाला अजिबातच सांगता येत नसेल तर नातेवाइकाचे उत्तर घ्यावे, पण ‘कोणी भरले’ हा रकाना वेगळा ठेवावा आणि पुढच्या प्रत्येक वेळी तोच माणूस असावा. एकदा आई, एकदा मुलगा अशा दोन टोकांमधल्या बदलाला काहीच अर्थ नाही.

बाईंचे स्वतःचे विभाग असे होते: शारीरिक ७५, लक्षणे ७९.२, समाधान ३७.५, सामाजिक ४१.७. वाढ १०.९.

पायरीचे वजन

इथे एक प्रश्न पडायला हवा. दहा गुण वाढले म्हणजे नेमके किती उत्तरे हलली? बारा प्रश्नांच्या आवृत्तीत प्रत्येक पायरीचे वजन वेगळे आहे, आणि ते माहीत नसताना ५ आणि १०च्या रेघा वापरणे धोक्याचे.

थकवा एका पायरीने कमी झाला तर एकूण गुण १.०ने वाढतात. सूज एका पायरीने कमी झाली तर १.६ने. सामाजिक विभागातली एक पायरी २.१. शारीरिक विभागातली एक पायरी तिन्ही उत्तरे असतील तर २.१, दोनच असतील तर ३.१. समाधानाच्या दोन प्रश्नांपैकी कोणत्याही एकाची एक पायरी ३.१. म्हणजे मजा आणि समाधान ही दोन उत्तरे एकेका पायरीने वर गेली की बाकी काहीही न हलता ६.३ गुण वाढतात. चांगला दिवस, सोबत आलेली लेक, डॉक्टरांनी नीट ऐकून घेतल्याचे बरे वाटणे, एवढ्यानेही ते होऊ शकते. उलट थकवा ‘रोज’वरून ‘आठवड्यातून एक-दोनदा’वर आला, ही मोठीच गोष्ट, तिचे मोल फक्त २.१.

म्हणून एका रुग्णाच्या बाबतीत ५ गुणांचा बदल हा निर्णय नसतो, प्रश्न विचारण्याचे निमित्त असते. गटाच्या सरासरीत ५ गुण भक्कम असतात, कारण शेकडो उत्तरांतले चढउतार एकमेकांना खातात. एकट्या माणसाला ती सोय नाही.

सोळावा आठवडा: सुधारलेल्या बाईंचे घसरलेले गुण

तिसरा कागद बाईंनी स्वतः भरला. आंघोळ ५, चालणे ४, घाईने चालणे २. सूज ५, थकवा ५, धाप ४, झोप ५. मजा ४, समाधान ३. छंद ४, घरकाम ४, भेटीगाठी ३.

एकूण ६८.८. सुरुवातीपासून २१.४ गुणांची वाढ, मोठ्या बदलाच्या रेघेपलीकडे. समाधान ६२.५, सामाजिक ६६.७. आणि शारीरिक विभाग ७५वरून ६६.७वर घसरलेला. लक्षणे ७९.२वर होती तिथेच, कारण थकवा एका पायरीने सुधारला आणि धाप एका पायरीने वाढली.

फक्त आलेख बघणारा इथे घाबरतो: मर्यादा वाढली, धाप वाढली, हृदय खालावतेय का? इकोची चिठ्ठी निघते. उत्तरे बघणाऱ्याला कारण लगेच सापडते. गुडघा सैल झाल्यावर बाई वर्षभरात पहिल्यांदा घाईने चालायला लागल्या, आणि तेव्हा कुठे त्यांना हृदयाची खरी मर्यादा कळली. आधी तो प्रश्न ६ म्हणून गणनेतून बाहेर होता. आता २ म्हणून आत आला आणि सरासरी खाली ओढून गेला. तिन्ही वेळच्या फक्त आंघोळ आणि चालणे या दोन प्रश्नांची तुलना केली तर शारीरिक विभाग ६२.५, ७५, ८७.५ असा सरळ चढतो आणि तिसऱ्या वेळचे एकूण गुण ७४.० येतात. धाप वाढली ती जास्त हालचालीमुळे. बसल्या जागी किंवा रात्री नाही. तरी वजन, पायांची सूज आणि फुप्फुसांचा आवाज तपासला, कारण ‘जास्त हिंडता म्हणून’ हे कारण खरे आणि खोटे दोन्ही असू शकते. काही आढळले नाही.

कागदावर अधिकृत गुण ६८.८च राहिले. ७४.० हा आकडा आपल्या समजुतीसाठी. प्रश्न गाळून काढलेले गुण नोंदीत घालायचे नसतात.

बाकीची मापे सोबत ठेवली. सहा मिनिटांत चाललेले अंतर २९० मीटरवरून ३४५ मीटर. पीएचक्यू-९ ११वरून ६. ईक्यू-५डी २१२२२, पट्टीवर ६५; दुखण्याचा अंक ४वरून २वर. एनटी-प्रोबीएनपी (हृदयावरचा ताण दाखवणारी रक्ततपासणी) १४५० आणि १३२०: हा बदल त्या तपासणीच्या रोजच्या चढउतारात सहज बसतो, त्याला बदल म्हणू नये. एनवायएचए वर्ग? २. डॉक्टरांनी चौथ्यांदा तेच लिहिले, आणि त्यांच्या व्याख्येप्रमाणे ते बरोबरच होते.

काय म्हणता येत नाही

लोहाने थकवा गेला की व्यायामाने, गोळीची वेळ बदलल्याने भेटीगाठी वाढल्या की समुपदेशनाने, हे या प्रकरणातून सांगता येत नाही. सगळे एकदम सुरू झाले. शिवाय पहिले मोजमाप वाईट काळात झाले असेल तर पुढचे आपोआपच थोडे बरे येते. आणि बाईंना आपल्यावर उपचार चालू आहेत हे ठाऊक होते. अशा वेळी स्वतःबद्दलची उत्तरे चढतात. ऑर्बिटा या २०१७च्या चाचणीत स्थिर अँजायनाच्या रुग्णांत स्टेंट घातलेल्यांची तुलना खोटी प्रक्रिया केलेल्यांशी झाली तेव्हा सिएटल प्रश्नावलीच्या गुणांत ठरण्याजोगा फरक उरला नाही. २०२३च्या ऑर्बिटा-२मध्ये, अँजायनाची औषधे थांबवलेल्या रुग्णांत, फरक दिसला. प्रश्नावली तशीच असली तरी कोणाला, कशाशी तुलना करून विचारता यावर उत्तर फिरते.

आणखी एक अडचण जरा आडवळणाची. सोळाव्या आठवड्याला बाई म्हणाल्या, “पहिल्यांदा लिहिलं होतं त्यापेक्षा तेव्हा माझी हालत वाईट होती.” आजाराशी जुळवून घेताना माणसाची आतली मोजपट्टीच सरकते. तेव्हाचा ३ आणि आताचा ३ एकच नसतो. उलटही होते: अंथरुणाला खिळलेला रुग्ण अपेक्षाच कमी करतो आणि ‘बहुतांशी समाधानी’ लिहितो. त्यावर जुनी उत्तरे मागाहून बदलणे हा उपाय नाही. ते वाक्य तारखेसह शेजारी लिहून ठेवायचे.

नोंद कशी झाली

केसपेपरवर जागा एका ओळीची होती, म्हणून ओळ ठरवून घेतली: तारीख, प्रश्नावलीचे नाव आणि आवृत्ती, कोणी भरले, एकूण गुण, चार विभाग, ६ किंवा रिकामी उत्तरे कोणती. या बाईंची ओळ अशी: ‘केसीसीक्यू-१२, स्वतः, ६८.८ (शारीरिक ६६.७, लक्षणे ७९.२, समाधान ६२.५, सामाजिक ६६.७), घाईने चालण्याचे उत्तर पहिल्या दोन वेळा ६, आता २.’ शेवटचा तुकडा नसता तर सहा महिन्यांनी दुसऱ्या डॉक्टरांना ती घसरण कळली नसती.

पुढचे मोजमाप तीन महिन्यांनी, आणि मध्ये औषध बदलले किंवा भरती व्हावे लागले तर घरी गेल्यावर दोन ते चार आठवड्यांनी. भरतीतून सुटतानाच प्रश्नावली दिली तर मागचे दोन आठवडे खाटेवरचे असतात आणि ‘घरकाम’, ‘भेटीगाठी’ यांना ‘लागू नाही’च्या खुणा होतात.

एक उत्तर मात्र दुसऱ्या आणि तिसऱ्या वेळी जागचे हलले नाही: उरलेले आयुष्य असेच काढावे लागले तर? ३, थोडेफार समाधानी. मजेचे उत्तर ४वर गेले असताना हे ३वर का, असे विचारल्यावर बाईंनी आयसीडीचा, म्हणजे हृदयाचे जीवघेणे ठोके झटका देऊन थांबवणाऱ्या, छातीत बसवायच्या उपकरणाचा विषय काढला. इजेक्शन फ्रॅक्शन ३२ टक्के, अ‍ॅटॅक जुना, औषधे पूर्ण मात्रेत तीन महिन्यांहून जास्त: हे उपकरण बसवायचे का, हे कोणीतरी आठ महिन्यांपूर्वी विचारले होते आणि नंतर ते राहून गेले होते. त्या दिवशीच्या तपासणीतला बराचसा वेळ त्याच बोलण्यात गेला.